वेलर स्पेशल रिझर्व्ह: '७ वर्षं' वाली जुनी बाटली आणि आत्ताची, शेजारी शेजारी ठेवून

खारीक

मंडळी, गेल्या शनिवारी घरी एक प्रयोग केला, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून लिहितोय. जरा लांबेल.

आम्ही सिनसिनाटीला राहतो, नदी ओलांडली की केंटकी. समोरच्या घरातले आजोबा घर विकून लेकीकडे राहायला गेले, सामान आवरायला मी आणि बायको दोन दिवस मदतीला जात होतो. तळघरात रंगाच्या डब्यांच्या मागे एक न फोडलेली डब्ल्यू. एल. वेलर स्पेशल रिझर्व्ह सापडली. आजोबा म्हणाले घेऊन जा, माझी डॉक्टरांनी बंद केली. घरी आणून ओल्या फडक्याने पुसली तर लेबलवर स्वच्छ लिहिलेलं, ७ वर्षं. मी खुर्चीवरच बसलो.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वेलर ही बर्बन, म्हणजे अमेरिकन व्हिस्की. बर्बन म्हणजे निदान ५१ टक्के मका, आणि मक्याच्या जोडीला बहुतेक जण राय (गव्हासारखं एक धान्य, मोहरीची राई नव्हे) घालतात. रायमुळे मिरी-लवंगेसारखा झटका येतो. वेलरमध्ये रायच्या जागी गहू असतो. गहू स्वतः फार बोलत नाही, त्यामुळे मक्याचा गोडवा आणि लाकूड दोन्ही पुढे येतात, घशाला मऊ लागते. ९० प्रूफ, म्हणजे ४५ टक्के, तेव्हाही आणि आत्ताही. फरक इतकाच की २००९-१० च्या सुमाराला लेबलवरचा ७ गेला आणि त्यानंतर वयाचा आकडाच नाही. वेलरसारख्या स्ट्रेट बर्बनवर वय लिहिलेलं नसेल तर निदान ४ वर्षांची असावी लागते, म्हणजे नवी बाटली ४ ते कितीही असू शकते.

पिंपातून निघून बाटलीत गेल्यावर व्हिस्की मुरत नाही, त्यामुळे ही तळघरात कितीही वर्षं पडली असली तरी ७ ची १७ होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पातळी बघितली, मानेपर्यंत भरलेली होती, म्हणजे हवा फारशी शिरलेली नाही.

तर शनिवारी दोन मित्र आणि त्यातल्या एकाची बायको असे तिघं घरी आले होते. आत्ताची एक बाटली माझ्याकडे होती, मागच्या वर्षी दुकानातल्या लॉटरीत नंबर लागला तेव्हा छापील भावाने मिळालेली. बायकोने आत जाऊन ओतलं, ग्लासच्या बुडाला चिकटपट्टी लावली, कुठला कुठला ते तिलाच माहीत.

एका ग्लासातला रंग जरा गडद, मधाच्या बाटलीच्या तळाशी असतो तसा. त्याचा वास पहिली दहा मिनिटं आलाच नाही म्हणा, आजीचं सागवानी कपाट उघडल्यावर येतो तसला बंद वास, आणि मग हळूहळू खारीक, काकवी, किंचित जायफळ. तोंडात घेतली की आधी गूळ, मग भाजलेलं काहीतरी, तव्यावर पुरणपोळी फुटून पुरण जरा करपतं ना, बरोब्बर ते. आणि गिळल्यावर मागे राहते. मी घड्याळ लावलं नव्हतं पण पुढचा घोट घ्यावासा वाटेना, इतका वेळ ती जिभेवर होती.

दुसरा ग्लास उजळ. व्हॅनिला लगेच नाकात, कोवळं मक्याचं कणीस, पांढरी साखर, थोडा सफरचंदासारखा. चव गोड आणि छान, पण मध्ये एक स्पिरिटचा चटका येतो आणि मग संपते. दार लावल्यासारखी संपते.

पट्ट्या काढल्या तर पहिली जुनी होती. चौघांपैकी तिघांनी जुनी निवडली आणि मित्राच्या बायकोने नवी, तिला जुनीतलं लाकूड जास्त वाटलं. माझं मत असं की तो ७ चा आकडा काढला तिथे बफेलो ट्रेसच्या (आत्ता वेलर गाळणारी केंटकीतली डिस्टिलरी) या बाटलीतला जीवच काढला. तुमचं काय म्हणणं? कोणी केलीय का ही तुलना?

उंबरठा

जबरदस्त धागा. आजोबांना एक बाटली काकवी पाठवा बदल्यात.

लुईव्हिलकर

खारीकभाऊ, वाचून आत्ता एक ग्लास भरून बसलोय. वर्णन फार आवडलं, करपलेलं पुरण तर अगदी पटलं. पण निष्कर्षावर थांबवतो तुम्हाला. एक काम करा, जुनी बाटली उलटी न करता बुडाखाली टॉर्च धरा आणि काचेत उठवलेला दोन आकडी नंबर दिसतो का बघा. बहुतेक वेळा ते काचेचं वर्ष असतं. तो कळला की बोलू.

खारीक

बघितलं. ०६ आहे. एका बाजूला अजून काहीतरी खूण आहे पण ०६ स्पष्ट आहे.

लुईव्हिलकर

मला वाटलंच. आता गणित करा. बाटली २००६ च्या आसपास भरली आणि आत निदान ७ वर्षांची दारू, म्हणजे ती गाळली १९९९ ला किंवा त्याच्या आधी. आणि वेलर हा ब्रँड सॅझरॅककडे, म्हणजे बफेलो ट्रेसच्या मालकांकडे, आलाच मुळी १९९९ ला.

सगळा इतिहास सांगतो, इथे लुईव्हिलला राहून तो अंगात भिनलाय. विल्यम लारू वेलरने १८४९ ला इथे धंदा सुरू केला. पुढे त्या कंपनीची सूत्रं पॅपी व्हॅन विंकल यांच्याकडे आली आणि १९३५ च्या केंटकी डर्बीच्या, म्हणजे इथल्या मोठ्या घोड्यांच्या शर्यतीच्या, दिवशी लुईव्हिलजवळच्या शाइव्हलीत स्टिट्झेल-वेलर डिस्टिलरी उघडली. गव्हाच्या बर्बनचं हे माहेर म्हणा. ओल्ड फिट्झगेराल्ड, वेलर, पुढे रेबेल येल, सगळ्या एकाच घरच्या मुली. १९७२ ला घराण्याने विकली, १९९२ ला तिथली भट्टी बंद झाली. तेव्हाच्या मालकांनी १९९२ ला बर्नहाइम डिस्टिलरी नवी बांधली होती, गव्हाची दारू तिथे निघायला लागली. मग १९९९ ला वाटण्या झाल्या: वेलर सॅझरॅककडे, ओल्ड फिट्झगेराल्ड आणि बर्नहाइम डिस्टिलरी हेवन हिल कंपनीकडे, रेबेल येल तिसऱ्याकडे.

तेव्हा तुमच्या जुन्या बाटलीत बहुधा बर्नहाइमचा माल आहे आणि नव्या बाटलीत बफेलो ट्रेसचा. म्हणजे तुम्ही ७ वर्षं विरुद्ध बिनआकडा अशी तुलना केलीच नाही, दोन वेगळ्या भट्ट्यांची केलीत. वेगळं पाणी, वेगळं यीस्ट, वेगळी गोदामं. आकडा काढल्यामुळे काय झालं हे बघायचं असेल तर २००८-०९ ची ७ वर्षंवाली पाहिजे, तीही गाळलेली साल बघून.

"जुनी वेलर भारी" असं लोक म्हणतात तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारतो, कोणती जुनी? एकाच नावाखाली तीन भट्ट्या होऊन गेल्यात. लेबल बदललं नाही म्हणून आतलं तेच आहे असं नसतं.

खारीक

काय सांगताय. म्हणजे मी चार दिवस बफेलो ट्रेसला बोल लावत होतो ते चूकच. डोळे उघडले, मनापासून धन्यवाद. वरचं शेवटचं वाक्य मागे घेतो.

पण मग चवीतला फरक कशाचा? वय की भट्टी?

पिंपळपान

दोन्ही, आणि तिसरी एक गोष्ट आहे जी कोणी बोलत नाही, पिंपात भरताना किती कडक भरली ती. मी केमिकल इंजिनिअर आहे, दारूचा नाही, रंगांचा, पण विरघळण्याचं शास्त्र तेच.

अमेरिकेत १९६२ पर्यंत पिंपात जास्तीत जास्त ११० प्रूफला भरता यायची, मग कायद्याने मर्यादा १२५ केली. कडक भरली की पिंपं कमी लागतात, पैसे वाचतात. नंतर बाटलीत भरताना पाणी घालून ९० ला आणायची. पण लाकडातल्या काही साखरा पाण्यात चांगल्या उतरतात आणि काही गोष्टी, कडवट टॅनिन वगैरे, अल्कोहोलमध्ये चांगल्या उतरतात. पिंपात पाणी जास्त असेल तर गोडवा जास्त ओढला जातो, आणि तो पिंपातच मुरलेला असतो, वरून पाणी घालून पातळ केलेला नसतो. जुन्या स्टिट्झेल-वेलरचं कौतुक करणारे लोक कमी प्रूफला भरायच्या त्या पद्धतीचं नाव आधी घेतात. मेकर्स मार्क ही दुसरी गव्हाची बर्बन आजही ११० ला भरते, मला वाटतं तिच्या गोलाईचं अर्धं श्रेय त्याला आहे.

तेव्हा भट्टी बदलली की हा आकडाही बदलतो आणि नुसतं वय धरून बसलं की गणित चुकतं.

मडगावकर

वयाच्या आकड्यावरून थोडं बोलतो, आमच्याकडचं उदाहरण आहे. गोव्यात पॉल जॉन या व्हिस्कीच्या गोदामात पिंपं ठेवतात तिथे वर्षभर उकाडा, त्यामुळे पिंपातून उडून जाणारा भाग केंटकीपेक्षा पुष्कळ जास्त आणि व्हिस्की लवकर लाकूड पिते. आमच्याकडची ६ वर्षांची व्हिस्की स्कॉटलंडच्या दुप्पट वयाच्या व्हिस्कीशेजारी ठेवा, रंगाने तरी कमी दिसणार नाही. केंटकीतही गोदामाच्या वरच्या मजल्यावर तापतं आणि खाली थंड असतं, दोन्हीकडची ७ वर्षं सारखी कशी होतील? आकडा म्हणजे किती दिवस चुलीवर होतं ते, आंच किती होती ते त्यात कुठे येतं.

तरी लेबलवर आकडा असावा असंच मी म्हणेन हां. आकडा असला की कंपनीला त्याच्या खाली जाता येत नाही. तो काढला की उद्या ५ वर्षांची भरली तरी विचारणारा कोण?

सुगरण

मी पिते कमी पण धान्याची गोष्ट निघाली म्हणून लिहितेय. मेकर्स मार्कच्या घरची एक गोष्ट सांगतात ती मला फार आवडते. बिल सॅम्युअल्स सीनियर यांनी १९५३ ला लोरेटोची डिस्टिलरी घेतली तेव्हा राय घालायची की गहू हे ठरवायला प्रत्येक वेळी गाळून वर्षानुवर्षं थांबायचं कसं, म्हणून घरात वेगवेगळ्या धान्यांचे पाव भाजून बघितले आणि गव्हाचा जिंकला. पहिली बाटली विकायला आली १९५८ ला. तो लाल मेणाचा साज त्यांच्या पत्नी मार्गी यांचा.

ज्याने नाचणीची, ज्वारीची आणि गव्हाची भाकरी शेजारी शेजारी भाजलीय त्याला हे लगेच कळेल. ज्वारी तव्यावर असताना वास घरभर, गहू तसा गप्प, पण तूप-गूळ लावला की तूप-गूळच लागतो. खारीक म्हणतात ते "गहू स्वतः फार बोलत नाही" अगदी खरं आहे.

दवंडी

पुण्यात राहणाऱ्यांनी काय करायचं? वेलर इथे कधी फळीवर बघितली नाही. मेकर्स मार्क मात्र मिळते, आणि गव्हाचं बर्बन काय असतं ते कळायला तीच पुरे आहे असं माझं ठाम मत.

आणि जुनी-नवी म्हणाल तर मेकर्सची गोष्ट इथे आठवलीच पाहिजे. २०१३ च्या फेब्रुवारीत त्यांनी जाहीर केलं की माल पुरत नाही म्हणून ४५ टक्क्यांची ४२ करणार. लोकांनी असा गदारोळ केला की आठवड्याभरात निर्णय मागे. त्यांनी आधी सांगितलं म्हणून लोकांना बोलता तरी आलं. वेलरचा ७ मात्र गुपचूप गेला आणि पुष्कळांना बाटली घरी आणल्यावर कळलं. मला ही गोष्ट चवीपेक्षा जास्त लागते.

लुईव्हिलकर

दवंडी, सहमत. त्यात भर म्हणजे आकडा गेला तेव्हा वेलर कोणी मागत नव्हतं, माझ्या कोपऱ्यावरच्या दुकानात खालच्या फळीवर धूळ खात असायची, मी ती फळांच्या रसाच्या पंचात घालायला आणायचो. मग त्याच पॅपी व्हॅन विंकल यांच्या नावाच्या बर्बनचं वेड आलं. २००२ पासून व्हॅन विंकल मंडळी बफेलो ट्रेसबरोबर आहेत आणि दोन्हींचं गव्हाचं मिश्रण एकच, हे लोकांना कळलं आणि वेलर "गरिबाची पॅपी" झाली. आता छापील भाव २५-३० डॉलरच्या घरात आणि दुकानदार काचेच्या कपाटात कुलूप लावून तिप्पट सांगतात. स्वस्त, रोजची म्हणून जी होती ती शोधायची वस्तू झाली याचं मला खरंच वाईट वाटतं. माझं मत विचाराल तर नवी वेलर ३० डॉलरला चांगली आहे, ९० ला नाही. ९० द्यायचे असतील तर दुसऱ्या शंभर चांगल्या बाटल्या आहेत.

आणि ज्यांना खरी जुनी-नवी तुलना करायचीय त्यांनी वेलर सोडा, ओल्ड फिट्झगेराल्ड बॉटल्ड इन बाँड धरा. १८९७ च्या कायद्याने 'बॉटल्ड इन बाँड' या तीन शब्दांना अर्थ आहे: एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामात गाळलेली, निदान ४ वर्षं सरकारी देखरेखीच्या गोदामात आणि बरोब्बर १०० प्रूफ. शिवाय कुठल्या डिस्टिलरीत गाळली तो नंबर लेबलवर लिहावाच लागतो. डीएसपी-केवाय-१६ असेल तर स्टिट्झेल-वेलर, डीएसपी-केवाय-१ असेल तर बर्नहाइम. अंदाज बांधायला नको.

मी इथल्या एका बारमध्ये दोन्ही अर्धा अर्धा औंस घेऊन बसलो होतो. केंटकीत २०१८ पासून दुकानांना आणि बारना खाजगी माणसाकडून जुन्या बाटल्या विकत घ्यायला कायद्याने परवानगी आहे, त्यामुळे हे उघड करता येतं. १६ नंबरची दाट, मनुका आणि लोण्यात परतलेली साखर, जरा चामड्याचा वास. १ नंबरची हलकी, शेंगदाण्याच्या चिक्कीसारखी, प्रामाणिक. पहिली वरचढ होती यात वाद नाही, पण दुसरी तेव्हा दुकानात अगदी स्वस्तात मिळायची आणि मी ती आनंदाने पीत होतो. आता तीही गेली. २०१२ ला लार्सेनी नावाची बर्बन आली, तोच गहू, ९२ प्रूफ, आणि ओल्ड फिट्झगेराल्ड २०१८ पासून उंच नक्षीदार बाटलीत वर्षातून दोनदा येते, महाग.

रानमेवा

जुन्या बाटल्या घेणाऱ्यांना माझा अनुभव सांगते. मी एका दुकानातून (नाव लिहीत नाही) ७ वर्षंवाली वेलर घेतली, चांगले पैसे मोजून, नवऱ्याच्या चाळिशीला. फोडली तर ओल्या पुठ्ठ्यासारखी चव. नंतर लक्षात आलं, लेबलची एक बाजू फिक्की पडली होती, म्हणजे बाटली खिडकीत उन्हात उभी असणार, आणि पातळी खांद्याच्या खाली गेलेली. नवऱ्याने मला वाईट वाटू नये म्हणून पूर्ण ग्लास संपवला, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तेव्हा पातळी, लेबलचा रंग आणि झाकणाभोवती चिकट ओघळ, हे तीन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. वर्ष ओळखायला अजून एक: अमेरिकन बाटलीवर सरकारी आरोग्य इशारा नसेल तर ती साधारण १९८९ च्या आधीची, झाकणावर कराची कागदी पट्टी चिकटवलेली असेल तर १९८५ च्या आधीची.

पिंपळपान

खारीक, एक विनंती. दोन ग्लासची चाचणी फार ढिली असते, त्यात रंग दिसतो आणि मग मेंदू बाकीचं रचतो. तीन ग्लास करा, दोनात एकच आणि एकात दुसरी, वेगळा कुठला ते सांगायचं. सहा वेळा करा, ग्लासना बाहेरून कागद गुंडाळा. नुसत्या नशिबाने सहात दोन बरोबर येतात.

खारीक

केली. म्हणून दोन आठवडे गप्प होतो.

पहिल्या रात्री मी सहापैकी पाच ओळखल्या. बायको, जिला या सगळ्यात फार रस नाही पण नाक माझ्यापेक्षा तिखट आहे, तिने चार. काल रात्री परत केली, तोवर जुनी बाटली अर्ध्यावर आली होती आणि उघडून दोन आठवडे झालेले. मी चार, बायको तीन. म्हणजे फरक आहे, नक्की आहे, पण पहिल्या शनिवारी मला वाटला होता तेवढा नाही. त्या दिवशी आजोबांचं तळघर, ती धूळ, तो ७, हे सगळं मी ग्लासात ओतलं होतं.

आणि एक गंमत झाली, जुनीतला तो कपाटाचा बंद वास गेला. हवा लागून बहुतेक. आता खारीक आणि गूळ पहिल्या क्षणापासून येतात. नवी आहे तशीच.

चुकत कुठे होतो तेही कळलं. रंग दिसत नसताना मी वासावर ओळखूच शकत नव्हतो, फक्त गिळल्यानंतर. ती मागे किती रेंगाळते त्यावरच पाचही बरोबर आल्या. वय म्हणा, भट्टी म्हणा, जे काय आहे ते तिथे शेवटी बसलंय.

लुईव्हिलकर

वा. हे वाचायला मिळालं म्हणून बरं वाटलं. आता उरलेली अर्धी तशीच अर्ध्या बाटलीत ठेवू नका, छोट्या बाटलीत काठोकाठ भरा, नाहीतर दिवाळीपर्यंत पुठ्ठा होईल.

खारीक

आजच केलं. औषधाच्या दुकानातून छोट्या काचेच्या बाटल्या आणल्या, उकळून वाळवल्या, दोन भरल्या आणि पट्टीवर "०६, बर्नहाइम?" असं लिहून ठेवलं. एक आजोबांच्या लेकीकडे नेऊन देणार आहे. त्यांना प्यायची बंदी आहे, पण वास घ्यायची नाही.

रानमेवा

दुसरी मी विकत घेते.

खारीक

ताई, विकत नाही. नोव्हेंबरात या बाजूला आलात तर दोघंही घरी या, नवऱ्याला ग्लासभर चांगली देणं लागतो आपण.